नानांच्या वाट्याचा रोट

माझं ठरलेलं लग्न मोडलं ते इंटरनेटच्या चांगल्या स्पीडमुळे. लोक आम्हा केबलवाल्यांना शिव्या घालतात की नेट अडकतं, चित्र गोल गोल फिरत बसतं. माझ्या आयुष्यात ते एकदाच फिरायला हवं होतं आणि नेमकं तेव्हाच ते फिरलं नाही.

तेव्हा मी एरंडोलला एका केबलवाल्याकडे नोकरीला होतो. घर चाळीसगावचं, नोकरीपुरत्या एरंडोलला दोन खोल्या. काम फायबर टाकण्याचं. खांबावरून वायर ग्राहकाच्या घरात न्यायची, आतली केसाएवढी काचेची तार सोलायची, स्पिरिटने पुसायची, सरळ कापायची आणि दुसऱ्या तारेला यंत्रात चिकटवायची. याला आम्ही जॉइंट मारणं म्हणतो. जॉइंट बिघडला की राउटरवर लाल दिवा लागतो आणि ग्राहक तुमच्या खानदानाचा उद्धार करतो. माझे जॉइंट बिघडत नसत. ही बढाई नाही. म्हणजे बढाईच आहे, पण खरी आहे.

त्या उन्हाळ्यात पद्मालयाच्या बाजूच्या एका खेड्यातली मुलगी बघितली. मला ती पाहताक्षणी आवडली. तिच्या वडिलांना सगळं गाव नाना म्हणायचं, मीही म्हणू लागलो. दोन्हीकडून होकार झाला. श्रावण आडवा आला म्हणून सुपारी फोडायची तेवढी राहिली. तेवढ्यात नानांचा फोन आला, की पाव्हना, कानबाईच्या आधी आमच्या घरी नेट लावून द्या. पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाला यंदा रजा नव्हती आणि त्यांना टीव्हीवर कानबाईचं दर्शन हवं होतं. मी काय समजायचं ते समजलो. जावयाची परीक्षा होती.

कानबाई म्हणजे आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर बसणारी देवी. घरोघर म्हणजे ज्यांच्याकडे आहे त्यांच्या घरी, आमच्याकडे नाही. तिच्या नैवेद्याला घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्याचं दळण वेगळं, आणि त्याच्या माणशी एक अशा ज्या पोळ्या करतात ते रोट. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्या माणसाला त्यातला तुकडाही मिळत नाही. नानांच्या घरी तर लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही देत नसत. हा नियम मला ऐकून माहीत होता. पोहायचं कसं हेही मला ऐकून माहीत आहे.

माझ्या शेठने मला आठवडाभर दुसरीकडे पाठवलं, त्यामुळे नानांच्या घरी जायला मला उजाडला तो कानबाईचाच रविवार. घरात पन्नास माणसं. नानांना राउटर पुढच्या खोलीत, भिंतीवर अगदी वर, माळ्याच्या फळीजवळ हवा होता, म्हणजे अंगणापर्यंत रेंज येईल आणि पोराटोरांचे हात लागणार नाहीत. मी शिडी लावून वर चढलो. खाली नाना मान वर करून उभे.

"पाव्हना, इतला बारीक दोरा! हाऊ टिकी का?"

"टिकेल नाना. माझी गॅरंटी."

भावी सासरा शिडीखाली उभा असताना केसाएवढी काच सोलून बघा. तीनदा तार तुटली. चौथ्यांदा जॉइंट असा बसला की मला स्वतःचीच दृष्ट काढावीशी वाटली. तेवढ्या वेळात खाली बायकांनी माझ्या शिडीच्या समोरच चौरंग मांडला. नारळाला नथ घालून, पातळ नेसवून देवी बसवली. मखराला केळीचे खांब लागतात. दोन खांबांना आधार सापडला, तिसरा पडायला लागला, तेव्हा एका काकूने तो सरळ माझ्या शिडीला बांधून टाकला. वरून फुलांच्या माळा आल्या. आता मी उतरलो असतो तर देवीच्या डोक्यावर मांडव कोसळला असता.

"काकू, मी उतरू कसा?"

"कसाले उतरतस? आरती व्हऊ दे."

आरतीला वेळ होता. मी माळ्याच्या फळीवर कोपर टेकून, सकाळच्या एका चहावर, दुपारभर शिडीवर उभा राहिलो. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. खालच्या बायका माझ्याकडे बघून हसत होत्या, काही तर मला ओवी जोडून गात होत्या. मी हसतमुख राहिलो. परीक्षेत चिडायचं नसतं, नाहीतर मी एरवी कोणाचं ऐकून घेणारा माणूस नाही.

संध्याकाळी नैवेद्य दाखवून झाला. मी वरूनच सांगितलं, तसा एका चुलतभावाने देवीसमोर मोबाइल उभा केला, पुण्याला व्हिडिओ कॉल लागला. चित्र काचेसारखं स्वच्छ. पुण्याच्या काकू ओरडल्या, "अगं बाई, नथीतला मोतीसुद्धा दिसतोय!" नानांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि त्या बघण्यात मला सुपारी फुटल्याचा आवाज आला. सगळे आरतीच्या ताटाभोवती जमले. आणि तेव्हा मागच्या दाराने ती आली, शिडीच्या मागच्या बाजूला उभी राहिली आणि तिने हात उंच करून एक ताटली माझ्याकडे दिली.

"दिवसभर उपाशी आहात. खाऊन घ्या."

बस, एवढंच. आता मला सांगा, ज्या मुलीशी लग्न ठरलंय ती स्वतः ताटली घेऊन येते, तेव्हा कोणता माणूस ताटलीत काय आहे ते बघतो? मी तिच्याकडे बघत होतो. तुपात भिजलेली पोळी होती, वर खीर होती. बाहेरच्या लोकांसाठी वेगळा स्वयंपाक झाला होता, त्यातलंच असणार असं मी धरून चाललो. खरं तर काहीच धरून चाललो नाही. खात सुटलो.

आरती उरकली, खाली पुरुषांची पंगत बसली आणि मला उतरवायचं कोणाला आठवलंच नाही. भाऊबंदांत सगळ्यांत थोरल्या म्हणजे नानांच्या चुलत भावजय, त्यांना सगळे अक्का म्हणत. रोट वाढण्याचा मान त्यांचा. वाढत वाढत त्या नानांच्या ताटापाशी आल्या आणि थांबल्या.

"अकरा मांडेल व्हतात. एक कोठे गया?"

मांजरावर संशय आला. मग एका भाच्याचं तोंड हुंगून झालं. नाना रिकाम्या ताटासमोर मांडी घालून बसलेले. तेवढ्यात देवीसमोरच्या मोबाइलमधून पुण्याचे काका ओरडले, "अक्का, वर देखा! तो शिडीवरला खाई राहिना!"

देवीच्या बरोबर मागे, केळीच्या पानांतून डोकं काढून मी. मघापासून सगळं पुणं मला खाताना बघत होतं. हनुवटीवरचं तूपसुद्धा त्यांना दिसत होतं, कारण जॉइंट मी मारला होता. पुढच्या मिनिटाला तो फोटो भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला. नाही म्हणायला जागाच राहिली नाही. अर्धा रोट माझ्या हातात, अर्धा पोटात.

मला वाटलं, आता मारतील. अक्कांनी डोक्यावरचा पदर नीट केला, देवीकडे बघून हात जोडले आणि निकाल दिला.

"कानबाईना रोट जो खाई, तो भाऊबंद. हाऊ आते आपला पोऱ्या शे."

नाना ताटावरून उठलेच. "अक्का, याले तं जवाई कराना व्हता!"

"मंग त्याले रोट काबर चारा?"

"मी कोठे चारा? मना ताट तं रिकामं शे!"

भाऊबंद म्हणजे मुलीचा भाऊ. भावाशी लग्न लागत नाही. हे मला शिडीवर हळूहळू उलगडलं आणि हातातला तुकडा जड झाला. एका काकांना माझी दया आली. ते म्हणाले, "अक्का, अर्धाच खादा त्यानी."

"अर्धा भाऊबंद कोठे दखा तू?" अक्का म्हणाल्या.

एकाने मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायची सूचना केली, तर अक्का त्याच्यावर अशा कडाडल्या की तो पंगत सोडून अंगणात गेला. देवीचा घास उलटा काढतात का? मी खाली तिला शोधलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा शांत होता. मला वाटलं, धक्क्याने बोलणं गेलं असेल. मग मी उरलेला अर्धा रोटही खाऊन टाकला. लग्न तर गेलंच होतं, भूक मात्र तशीच होती.

निकाल लागल्याबरोबर माझी किंमत उतरली. दुपारपर्यंत "पाव्हना, सरबत घ्या" होतं, आता "ए, खाली उतर, पाण्याचा पिंप उचल" झालं. केळीचा खांब सोडायला तेव्हा बरोबर दोन मिनिटं लागली. त्याच संध्याकाळी मला व्हॉट्सॲप ग्रुपात घेतलं. सोमवारी सकाळी विसर्जनाला नदीवर मी भाऊबंदांबरोबर नाचलो, कारण न नाचणाऱ्याला अक्का नाव घेऊन हाक मारत होत्या. आईला चाळीसगावला फोन केला. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "तुला हजार वेळा सांगितलं, कामावर डबा घेऊन जात जा."

मला खूप वाईट वाटलं. लोकांना हे सांगताना मी हसतो, पण तेव्हा मी दोन दिवस कामावर गेलो नव्हतो. एरंडोलच्या त्या दोन खोल्यांत मी तिच्यासाठी भिंतींना रंग लावून घेतला होता.

आठ दिवसांनी राखीपौर्णिमा आली. अक्कांनी ग्रुपवर मला हजर राहायचा हुकूम सोडला. मी तो वाचून न वाचल्यासारखा केला. मग दुपारी तक्रार आली, नानांच्या घरी राउटरवर लाल दिवा. ग्राहकाची तक्रार म्हटल्यावर जाणं भाग होतं.

घरात गेलो, शिडी लावली. जॉइंट शाबूत होता. राउटरमागची बारीक वायर कोणीतरी काढून ठेवली होती, आणि तिच्या टोकावर धूळ जाऊ नये म्हणून असते ती इवलीशी टोपी घातलेली होती. चार वर्षांत एकाही ग्राहकाने वायर काढल्यावर टोपी घातलेली मी पाहिली नव्हती. मी वरून खाली बघितलं. ती ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती.

"तुम्ही येणार नाही असं वाटलं, म्हणून काढली," ती म्हणाली. "रोटही मीच दिला. चुकून नाही दिला."

मी शिडीवरच बसलो. मला राग आला. असा राग की पक्कड हातातून सुटली.

"मी इतका वाईट होतो का?"

"नाही हो दादा. माणूस बरे आहात तुम्ही. मला धुळ्याला नर्सिंगला जायचंय. बघायला आलात तेव्हा मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, नंतर बघू, आणि मला विचारलं की भरीत येतं का."

विचारलं होतं. मला आठवत होतं.

"मग मला सरळ सांगायचं. मीच नकार दिला असता."

"मग दुसरा आला असता बघायला. आणि कानबाई वर्षातून एकदाच येते."

ती पुढे म्हणाली, तिला सख्खा भाऊ नाही. घरात तिच्या बाजूने बोलणारं कोणी नाही, नाना ऐकतात ते फक्त भाऊबंदांचं. प्रवेशाला चार दिवस उरले होते. मी खाली उतरलो. तिने राखी बांधली आणि ओवाळणी म्हणून मागितलं ते एकच, नानांशी बोला.

नाना अंगणात खाटेवर बसले होते. माझ्यावर त्यांचा अजून राग होता. रोट गेल्याचा जास्त की जावई गेल्याचा, ते मला कळलं नाही. मी त्यांच्या समोर उभा राहून सांगितलं की भाऊबंद म्हणून माझं मत विचाराल तर पोरीला धुळ्याला पाठवा. वसतिगृहात सोडायला मी स्वतः जाईन.

नाना खाटेवरून उठून माझ्यासमोर आले.

"खरं सांग," ते म्हणाले. "जवाई झाया असता, तं तिले धाडं असतं का तू?"

मागे दारात ती उभी होती हे मला माहीत होतं. खोटं बोलायला ती चांगली वेळ होती. मला त्या रंगवलेल्या भिंती दिसल्या, संध्याकाळी कामावरून यायचं आणि गरम भाकरी, असं मी मनात मांडून ठेवलेलं सगळं दिसलं. त्यात धुळं कुठेच नव्हतं.

"नाही नाना," मी म्हणालो. "नसतं पाठवलं."

"मंग तू रोट खादा ते बरं झायं," नाना म्हणाले, आणि त्यांनी आत हाक मारून तिला बॅग भरायला सांगितलं.