पाठीचं माप

ताडपत्रीताईच्या घरात "वर" हा शब्द उच्चारायला बंदी होती. सुरुवात गमतीतच झाली. एकदा विजेचं मीटर तपासायला एक माणूस आला आणि त्याने विचारलं, "घरमालक कुठे आहेत?" लेक तेव्हा लहान होती. दारात उभी राहून तिने खणखणीत आवाजात सांगितलं, "बाबा वर गेलेत." बिचाऱ्याचा चेहराच पडला. टोपी काढून हातात घेतली, मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, "कधी गेले?"

"काल सकाळी," लेक म्हणाली. "डबा घेऊन."

ताई आतून धावत आली. नवरा वेल्डर आहे, उंचावरची कामं करतो, सध्या रोपवेच्या खांबावर आहे, धडधाकट आहे, हे सगळं तिने एका दमात सांगितलं. मीटरवाला पोट धरून हसला आणि गेला. ताईही हसली. पण मग कापड कापायला बसली तर कात्री चालेना. त्या दिवसापासून घरात नियम झाला: बाबा "कामावर" गेलेत असं म्हणायचं.

"अगं, पण त्यातही वर आहेच की," घरी आल्यावर नवरा म्हणाला.

"ते चालतं. ते जोडून आहे," ताई म्हणाली. विषय संपला.

ताईचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. जाड कापडाचं एक दणकट शिलाई मशीन, भिंतीला दोऱ्याच्या रिळांची फळी आणि पाय ठेवायला जागा नाही इतकं कॅनव्हास. ट्रकच्या ताडपत्र्या, गाड्यांची सीटकव्हरं, मेकॅनिक लोकांच्या अवजारांच्या पिशव्या, असलं राकट शिवणकाम ती करायची. तोंडाने फटकळ, हाताने सरळ. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, टाका टिकेल ना?" की ही म्हणणार, "कापड फाटेल, तू म्हातारा होशील, टाका तिथेच असेल."

टाका हा शब्द नवऱ्याच्याही धंद्यात होता. दोन लोखंडं जागेवर धरून ठेवायला वेल्डर आधी जो ठिपका मारतात, त्याला तोही टाकाच म्हणायचा. "आपलं दोघांचं काम एकच," लग्नानंतर तो तिला म्हणाला होता, "फक्त माझ्या टाक्याला चटका असतो." आणि दुसरा शब्द होता अर्थ. वेल्डिंग मशीनची एक वायर चिमट्याने लोखंडाला लावावी लागते, तिला हे लोक अर्थ म्हणतात. ती लावली नाही तर ठिणगी पडत नाही. नवी नवरी असताना ताईने त्याला फोनवर कामावरच्या जोडीदारावर ओरडताना ऐकलं, "अरे, आधी अर्थ लाव! अर्थ लावल्याशिवाय काही पेटतं का कधी?" तिने लगेच बहिणीला कळवलं की नवरा फार खोल बोलतो.

बोलत होता तो एवढंच. एरवी मुखदुर्बळ. घरात असला की तिच्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसायचा, तिच्या सुईत दोरा ओवून द्यायचा आणि गप्प राहायचा. ताईला दुनियेत तेवढंच हवं होतं. ते स्टूल भरलेलं असावं, बस. पण ते महिनोन् महिने रिकामंच. त्यावर कॅनव्हासचा ढीग साठायचा आणि तो ढीग बघितला की तिचा जीव तुटायचा.

कारण ऐकलं तर हसू येईल. तो जायचा ते एवढ्या मोठ्या कामाला नव्हे. खांबावरची एक पट्टी उलली, डोंगरातल्या पाइपाला चीर पडली, काम अर्ध्या दिवसाचं. पण मशीन! लोखंडाचं ते धूड, चाकं लावलेली पण चाकं फक्त सपाट जमिनीवर. खडकाळ चढावर ते बांबूला बांधून माणसं लावून न्यायचं. मागून जनरेटर, त्याच्यामागून डिझेल, मग केबलची वेटोळी. नाकापेक्षा मोती जड. माणूस वर पोचलेला आणि मशीन अजून खाली चिखलात रुतलेलं. एवढे दिवस तो तिथे नुसता बसून.

"म्हणजे तुम्ही तिकडे काम करायला जाता की मशीनची वाट बघायला?" ताईने एकदा चिडून विचारलं.

"वाट बघायला," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमतच नसे.

"मग वाट इथे बघा की! इथे आम्हीही तेच करतो."

दुसऱ्याच दिवशी तो फ्यूजभाऊकडे गेला. फ्यूजभाऊ म्हणजे जळालेली मशीनं दुरुस्त करणारा त्याचा जुना दोस्त. दोघांनी मिळून नव्या पद्धतीचं एक छोटं मशीन घेतलं, डब्याएवढं. त्याला बॅटऱ्या जोडल्या, वायरी आखूड केल्या. एका चार्जिंगला वेल्डिंगच्या थोड्याच कांड्या जळायच्या, पण उंचावरच्या कामाला लागतात तरी किती? जनरेटर गेला, डिझेल गेलं, बांबू गेला. राहिला एकटा माणूस आणि त्याच्या पाठीवर एक गोणपाटाची पिशवी.

त्या पिशवीनेच घात केला. पहिल्याच चढाला बंद तुटला आणि तो परत आला तो दोन्ही खांदे सोलवटून. ताईने मलम लावलं. लावता लावता शिव्या घातल्या त्याला, फ्यूजभाऊला आणि गोणपाटाला.

"बायको कॅनव्हास शिवते, आणि नवरा गोणपाट पाठीला बांधून फिरतो! मला विचारायला तुमच्या जिभेला काय झालं होतं?"

"तुला आधीच काम खूप असतं..."

"उभे राहा. पाठ करा इकडे."

टेप समोरच खुंटीला लटकत होती. पण नवऱ्याची पाठ कुणी टेपने मोजतं का? तिने मानेखालच्या हाडावर अंगठा ठेवला, पंजा ताणला आणि वितीवर वीत टाकत कमरेपर्यंत आली. मग आडवं माप घेतलं, खांद्यापासून खांद्यापर्यंत. ते माप तिच्या पंजात बसलं ते कायमचं.

मग तिने डोकं चालवलं. ओझं खांद्यावर नाही, कमरेवर घ्यायचं असतं, हे तिला लेकीने शिकवलं होतं. तान्ही असताना दिवस दिवस कडेवर घेऊन ती शिवत होती, कधी खांदा दुखला नाही. म्हणून पिशवीला कमरेला आवळायचा रुंद पट्टा आला. जड बॅटऱ्या खाली, मशीन वर. "हे मशीन तापतं, वहिनी, त्याला वारा लागतो," फ्यूजभाऊ म्हणाला, तर पंख्याच्या बाजूला तिने जाळीची खिडकी केली. ठिणगीने कॅनव्हास जळतं म्हणून बाहेरून जुन्या चामडी एप्रनचे तुकडे लावले. आणि काही पेटलंच तर एक हिसका दिला की सगळं पाठीवरून गळून पडेल अशी कडी बसवली. ती कडी तिने स्वतः अंगावर घेऊन पुन्हा पुन्हा ओढून बघितली.

तो ती पिशवी घेऊन पहाटे रोपवेवर गेला आणि दुसऱ्या संध्याकाळी घरी. दुसऱ्या संध्याकाळी! दारात उभा, चेहरा काळवंडलेला, दात तेवढे पांढरे. ताईला इतका आनंद झाला की तिने त्याला आंघोळीला पाठवायच्या आधीच स्टुलावरचं कापड उचलून कोपऱ्यात भिरकावलं. त्या रात्री ती गाणं गुणगुणत शिवत होती आणि तो सुईत दोरा ओवून देत होता. तिला वाटलं, सुटले बाई.

करायला गेलं काय आणि वरती झाले पाय. मशीन पाठीवर बसतं ही बातमी कंत्राटदारांना लागायला वेळ लागतो होय? पूर्वी जिथे मशीन पोचत नव्हतं तिथली कामं लोक सोडून द्यायचे. आता कुठलीच जागा सुटेना. जिथे गाडी जात नाही, खेचर जात नाही, तिथे याला पाठवा. दरीवरचा झुलता पूल, डोंगरामागच्या धरणाचा दरवाजा, त्याच्या मागच्या डोंगरावरचा टॉवर. एका जागेवरून परस्पर दुसरीकडे. ओझं हलकं झालं आणि माणूस लांब गेला. तिथे फोन लागत नसे. लागला तर वाऱ्याचाच आवाज जास्त.

"मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला," ताई फ्यूजभाऊला म्हणाली. "आणि त्याला पट्टाही मीच लावून दिला."

"अहो वहिनी, त्याच्यासारखं मशीन दुसऱ्या कोणाकडे नाही ना. असतं तर..."

ताईची कात्री थांबली. असतं तर! दुसरे वेल्डरही पाठीवर मशीन घेऊन जाऊ लागले, तर प्रत्येक डोंगरावर ह्यांनाच कशाला बोलावतील? त्या दिवसापासून तिने ताडपत्र्या बाजूला सारल्या. फ्यूजभाऊ मशीनं जोडू लागला आणि ताई पिशव्या शिवू लागली. वेल्डर लांबून लांबून येऊन घेऊन जाऊ लागले. प्रत्येक पिशवीच्या शेवटच्या टाक्याला ती मनात म्हणायची, जा बाबा, तू जा, म्हणजे माझा येईल.

मग एक दिवस ठेंगू आला. हा एक बुटका, बडबड्या वेल्डर. पिशवी काउंटरवर आपटून म्हणाला, "ताई, ही पाठीवर बसत नाही. पार्श्वभागावर बसते! चढताना मागून कोणीतरी लाथा घालतंय असं वाटतं."

"माप घेऊन शिवली आहे मी."

"कुणाचं? माझं तर नाही घेतलं."

ताई मागे वळली. फळीवर तयार पिशव्या होत्या. एक काढली, वीत लावली. दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्यांचं माप एकच. टेपला तिने हातच लावला नव्हता. कापड पसरलं की पंजा आपोआप तीच पाठ मोजत होता. गावोगावचे वेल्डर तिच्या नवऱ्याची पाठ घेऊन डोंगर चढत होते. आधी तिला हसू आलं, आणि हसता हसता ती कॅनव्हासमध्ये तोंड खुपसून रडायलाच लागली. ठेंगू घाबरला. "ताई, राहू द्या, बसते तशी बरी बसते," म्हणत तो पिशवी उचलून पळाला.

अशी वर्षं गेली. लेक शिकायला दुसरीकडे राहायला गेली. पिशव्या सगळीकडे झाल्या, पण नवऱ्याची बोलावणी काही थांबली नाहीत. अवघड जागा असली की अजून त्याचंच नाव निघे. येई, दोन दिवस स्टुलावर बसे, पुन्हा जाई.

एका दुपारी तो न कळवता दारात उभा. पिशवीचा डावा बंद उसवला होता.

"एवढा टाका मारून दे. उद्या निघायचंय."

"दोरा संपलाय," ताई म्हणाली.

त्याने भिंतीकडे बघितलं. फळी रिळांनी गच्च भरली होती. ताईला चांगलं ठाऊक होतं, आपण शिवलं नाही तर तो तारेची गाठ मारून निघेल. आणि तारेची गाठ उंचावर काय करते, हे त्या दोघांना वेगळं सांगायला नको.

"तुम्हाला जावंसं वाटतं," ती म्हणाली. "खरं सांगा. कंत्राटदाराला नाही म्हणता येतं. तुम्हालाच म्हणायचं नसतं."

तो म्हणाला, "हो. तिथून सगळं दिसतं गं."

"आपलं घर दिसतं?"

"नाही," तो म्हणाला. "मी दर वेळी बघतो."

ताईने दोरा ओवला. बंद शिवला, दुहेरी शिवला, वर चामड्याची पट्टी मारली. जिथे रडू यावं तिथे तिने टाके जवळ जवळ घातले. मग म्हणाली, "उभे राहा. पाठ करा इकडे. बसते का बघू."

पिशवी खाली घसरली. पट्टा कमरेखाली लोंबत होता. ताईला वाटलं, बंद चुकला. तिने पिशवी उतरवली, मानेखालच्या हाडावर अंगठा ठेवला, पंजा ताणला. शेवटची वीत संपायच्या आधी कंबर आली. पुन्हा मोजलं. तीन बोटं कमी. पिशवी तीच होती. ओझी वाहून वाहून पाठच वाकली होती, आणि इतकी वर्षं ती जे माप जपत बसली होती ते आता या माणसाचं राहिलं नव्हतं.

"झालं का?" त्याने विचारलं.

"थांबा. चुकलं. परत घेते."

तिने परत घेतलं. उभं घेतलं, आडवं घेतलं, परत उभं घेतलं. हात उचलावासा वाटेना. थोड्या वेळाने त्याने विचारणं सोडलं आणि तो नुसता उभा राहिला.

सकाळी तो गेला. नव्याने बेतलेली पिशवी त्याच्या पाठीला इतकी चपखल बसली होती की ताईला तिचाच राग आला.

पुढच्या आठवड्यात ठेंगू नवी पिशवी न्यायला आला. घाबरत घाबरतच पाठीवर घातली, पट्टा आवळला, दुकानात दोन उड्या मारल्या आणि त्याचा चेहरा खुलला.

"वा ताई! या वेळी टेप लावलेली दिसते. अगदी माझ्याच मापाची झाली!"

ताईने खुंटीकडे बघितलं. टेप होती तिथेच होती, धूळ खात. तिने आपला पंजा उघडून बघितला.

"हो," ती म्हणाली. "तुझ्याच मापाची." आणि स्टुलावरचं कापड उचलून ठेवायला वळली.