वर गेलेलं ऊन

आमची इमारत उभी राहिली तिथे पूर्वी पोह्यांची भट्टी होती. भट्टी बुटकी, कौलारू. तिची सावली तिच्या पन्हाळीच्या फारशी पुढे जात नसे. १९९६च्या दिवाळीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो तेव्हा जिन्याला ओल्या रंगाचा वास होता, खालच्या एका गाळ्यात एसटीडी बूथ उघडला होता आणि दुसऱ्यात ब्यूटी पार्लरची पाटी लागायची होती. मागच्या बाल्कनीतून खाली पाहिलं की चार खोल्यांची एक जुनी ओळ दिसे आणि तिच्यासमोर शेणाने सारवलेलं अंगण. त्या अंगणात हौसाबाई पापड वाळत घालत.

पेण म्हटलं की बाहेरच्यांना गणपती आठवतात. पेणच्या माणसाला पोह्याचे पापडही तितकेच आठवतात, कारण दर दुसऱ्या घरात कोणीतरी ते लाटत असतं. हौसाबाई विमलबाईंसाठी लाटत. विमलबाईंचा पापडांचा घरगुती कारखाना तीन आळ्या सोडून होता. सकाळी आठला तिथून मळलेलं पीठ आणायचं, लाटून वाळवून संध्याकाळी पापड पोचते करायचे, असं ते काम. हौसाबाई मूळच्या खाडीकाठच्या, मिठागरात राबणाऱ्या घरातल्या. लग्न करून पेणला आल्या ते नवरा त्या पोह्यांच्या भट्टीवर होता म्हणून. भट्टी बंद पडली, पुढे दोन वर्षांनी नवराही गेला. मुलगी नूतन रोह्याला दिलेली. जावई धाटावच्या एका कंपनीत शिफ्टवर. हौसाबाई त्या ओळीतल्या शेवटच्या खोलीत एकट्या राहत, आणि त्यांना ते जमलं होतं.

आमच्या इमारतीने त्यांचं काही बिघडवलंय हे आम्हाला संक्रांतीपर्यंत कळलंच नाही. पापडांचं काम त्यानंतरच जोर धरतं. पीठ यायला लागलं, हौसाबाई दाराशी पोळपाट घेऊन बसू लागल्या. सगळं लाटून होईपर्यंत साडेबारा वाजत. मग अंगणात चटया, चटयांवर जुनी धुवट लुगडी आणि लुगड्यांवर पापड. एक वाजला की आमच्या इमारतीची सावली अंगणाच्या कडेला टेके आणि दीड वाजता तुळशीपर्यंत येई. हौसाबाई चटया सरकवत सरकवत भिंतीशी नेत, आणि भिंतीशी नेऊन झालं की जागाच संपे.

त्या रोज सावलीच्या कडेवर एक दगड ठेवीत. उत्तरायण लागलं की सावली आखडते हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. पण सावली दिवसाला बोटभर आखडत होती आणि पापड रोजचे होते.

विमलबाई पापड तपासत ते कानाने. चळतीच्या मधला एक काढायचा, कानाशी धरून मोडायचा. हौसाबाईंचे पापड आवाज न करताच वाकले. विमलबाईंनी दोनदा चालवून घेतलं. त्यांचा माल मुंबईला पाकिटांतून जाई आणि एका ओल्या पापडाने सगळ्या पाकिटाला बुरशी येते, हे त्यांनी समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा मात्र अख्खी टोपली परत आली.

नूतनला हे कळलं तेव्हा तिला वाईट वाटण्यापेक्षा बरंच वाटलं असावं. तिचं दोन वर्षं तेच म्हणणं होतं. रोह्याला दोन खोल्या आहेत, नळ घरात आहे, मुलांना शाळेत सोडायला कोणीतरी हवंच आहे, आईने आता कशाला राबायचं. यात खोटं काही नव्हतं. हौसाबाई एकदा माझ्या आईजवळ एवढंच बोलल्या होत्या, की जावई चांगला आहे, पण त्याच्या घरात चहा कधी प्यायचा हे आपण ठरवायचं नसतं. पापडांचं काम गेलं तर खोली सोडावी लागणार हे त्यांना दिसत होतं, आणि खोली सोडली की रोहाच.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीवरून मीटिंग चालली होती. हौसाबाई तीन मजले चढून वर आल्या. अनवाणी, थोड्या धापा टाकत. सेक्रेटरी कमळाकरकाका बँकेत होते आणि गच्चीची किल्ली जानव्याला अडकवून ठेवत. मीटिंग संपेपर्यंत हौसाबाई टाकीला टेकून उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी पापड वाळवायला गच्ची मागितली. काकांनी नियम सांगितला. रहिवाशांखेरीज कोणी वर यायचं नाही, आज तुम्हाला हो म्हटलं तर उद्या अख्खी आळी येईल, वगैरे. आवाज चढवला नाही. नियम त्यांनी स्वतःच लिहिला होता.

हौसाबाई टाकीपासून पुढे आल्या.

"भाऊ, तुमी यायच्या आधी माजं ऊन खाली अंगनात व्हतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या बिल्डिंगीनं ते उचलून वर आनलं. मी काय नवीन मागत नाय. माजं हाय तेच वर येऊन घेते."

दोघंतिघं हसले. आमच्या शेजारचे गणिताचे सर म्हणाले की मुद्दा बिनतोड आहे. मग काकांनी अटी घातल्या. दहा ते चार. पाय धुऊन वर यायचं. सांडलवंड नको. ते स्वतः बँकेत असणार म्हणून किल्ली आमच्याकडे राहील.

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत आळीभर झाली. पलीकडच्या कारखान्यात गणपतींना रंगाचा हात देणारी माणसंही विचारू लागली, "हौसा, मिळालं का गो तुजं ऊन?" त्या म्हणत, "मिळालं की. तिसऱ्या माळ्यावर ठेवलंय."

पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर चटया घेऊन वर गेले. गच्चीवर फुटक्या लाद्यांचे पांढरे तुकडे बसवलेले होते आणि उन्हात ते डोळे दिपवत होते. तिथून जुनं पेण वरून दिसायचं. एकमेकांत अडकलेले कौलांचे उतार, देवळाचा कळस, तळ्याचा हिरवट चौकोन, आणि मधून मधून आमच्यासारख्या इमारतींच्या काळ्या टाक्या. खाडीच्या बाजूला काहीतरी पांढरं चमकत होतं. मिठागर असावं, असं मी म्हटलं. हौसाबाईंनी तिकडे पाहिलं नाही. त्या ओणव्या होऊन लुगड्याच्या चुण्या काढत होत्या.

एका तासात पापडांच्या कडा उचलल्या. त्यांनी त्या बोटांनी दाबल्या, उलटवून पाहिल्या. दोन वाजेपर्यंत सगळे पापड वाटीसारखे वळले होते आणि कितीकांना मधोमध तडा गेला होता. चटईखाली हात घालून त्यांनी तो लगेच मागे घेतला.

विमलबाईंच्या पडवीत संध्याकाळी आठदहा बायका बसलेल्या असत. विमलबाईंनी एक पापड तळव्यावर ठेवून सगळ्यांना दाखवला.

"हौसाबाई, हे पापड आहेत की द्रोण? यात आमटी वाढू का?"

बायका हसल्या, हौसाबाईही हसल्या. टोपली उचलताना विमलबाईंनी हळू आवाजात सांगितलं, की आता पुढच्या सोमवारी पीठ देते, ते नीट आलं तर बघू, नाहीतर यंदा तुम्ही विश्रांती घ्या. यात राग नव्हता, आणि हौसाबाईंना रागापेक्षा तेच जास्त लागलं.

आम्हाला हे काहीच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या किल्ली मागायला आल्या नाहीत तेव्हा आईने खाली जाऊन विचारलं. गुडघे दुखतायत, असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांसमोर हक्काने मागून घेतलेलं ऊन आपल्या कामाचं निघालं नाही, हे कोणाला आणि कसं सांगायचं ते त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी खालच्या बूथवरून रोह्याला नूतनच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला आणि रविवारी मला न्यायला ये, असा निरोप ठेवला.

जाण्याआधी माहेरी सांगायला हवं म्हणून शनिवारी त्या गावाला गेल्या. भाऊ पुंडलिक आणि त्याची बायको मिठागरातच सापडली. वाफ्यात अजून पाणी घेतलेलं नव्हतं. दोघं जण तळाची माती पायांनी मळून, चोपून बसवत होते. हंगाम लागायच्या आधीचं हे काम हौसाबाईंनी लहानपणी दर वर्षी केलेलं. पुंडलिकने न थांबताच सांगितलं, की गेल्या साली घाई झाली, तळ नीट बसला नाही आणि मीठ काळं आलं.

"ऊन काय कमी व्हतं का गो?" तो म्हणाला. "ऊन मायंदाळ व्हतं."

हौसाबाईंनी लुगडं वर खोचलं आणि त्या वाफ्यात उतरल्या. दुपारपर्यंत त्या तिघांनी तळ चोपला. पुढे त्यांनी माझ्या आईला सांगितलं ते असं, की डोकं तापलं होतं आणि पाय गार होते. पेणचं अंगणही मातीचंच. वरून कितीही तापलं तरी पापडाला खालून चटका बसत नसे. गच्चीवर तो दोन्हीकडून भाजत होता. एवढी साधी गोष्ट मिठागरात वाढलेल्या बाईच्या ध्यानात आली नाही, याचं त्यांना हसू आलं आणि शरमही वाटली.

भावाला रोह्याचं सांगायचं राहूनच गेलं. परत येताना एसटीच्या टपावर भाताच्या पेंढ्याचे दोन भारे होते.

रविवारी नूतन आली आणि तिने आईची एक पिशवी भरूनही टाकली. सोमवारी संध्याकाळच्या गाडीने दोघींनी निघायचं असं तिने गृहीत धरलं होतं. हौसाबाई नाही म्हणाल्या नाहीत. सोमवारचं एवढं पीठ होऊ दे, म्हणाल्या.

सोमवारी सकाळी साडेनऊला कमळाकरकाका डबा घेऊन जिना उतरत होते आणि हौसाबाई पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन चढत होत्या. मागून दुसरा भारा घेऊन नूतन. ती सारखी म्हणत होती, "आये, लोकं बघतायत." आमचं दार उघडं होतं. काका थांबले. पायऱ्यांवर पडलेल्या काड्यांकडे त्यांनी पाहिलं.

"हौसाबाई, आपलं पापडांचं ठरलं होतं."

हौसाबाईंनी भारा कठड्याला टेकवला. गेल्या वेळी मांडला तसा बिनतोड मुद्दा आज त्यांच्याजवळ नव्हता.

"भाऊ, मी चुकले," त्या म्हणाल्या. "त्या दिशी मोट्टं बोलून गेले, पन तुमच्या लादीवर माजा पापड जळतो. खाली पेंढा घातला तर ऱ्हाईल असं वाटतं. आजच्या दिस बघू द्या. नाय जमलं तर मी रोह्याला चालले, मग किल्लीचा तरास नाय तुमाला."

काकांना घाई होती. ते दोन पायऱ्या उतरले आणि परत वर आले. पेंढा मोरीच्या तोंडापासून लांब ठेवा, त्यांनी सांगितलं. वाऱ्याने उडता कामा नये. आणि पाऊस लागायच्या आत गच्ची स्वच्छ करून द्यायची. पाऊस लागायला अजून चार महिने होते. हे बोलताना काकांच्या ते लक्षात आलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

त्या दिवशी पेंढ्याचा वीतभर थर दिला, त्यावर चटया, त्यावर लुगडी. चारी कोपऱ्यांना दगड. हौसाबाईंनी पापड पसरले आणि टाकीच्या सावलीत बसून राहिल्या. दर थोड्या वेळाने जाऊन पेंढ्यात हात घालत. दीड वाजता एका बाजूच्या कडा किंचित उचलल्या तेव्हा त्यांनी पापड लगेच उलटवले आणि नूतनलाही उलटवायला लावले. नूतन आधी नाखुशीनेच करत होती. मग तिचा हात लागला. लहानपणी तिनेही ते केलं होतंच. साडेतीनला हौसाबाईंनी एक पापड माझ्या आईला दाखवला. तो तळहातावर सपाट बसला.

विमलबाईंकडे मायलेकी दोघी गेल्या. विमलबाईंनी चळतीच्या मधला पापड काढला, कानाशी नेला आणि मोडला. पडवीतल्या बायकांनाही तो ऐकू गेला. विमलबाईंनी आणखी एक मोडला. आत कोणाला तरी हाक मारून त्यांनी उद्या हौसाबाईंचं पीठ नेहमीइतकं काढायला सांगितलं आणि त्या पुढच्या टोपलीकडे वळल्या.

खोलीवर आल्यावर नूतन म्हणाली, "म्हंजे तू येत नाय."

"पावसात येते," हौसाबाई म्हणाल्या. "पावसात हितं ऊन नाय, तितं पन नाय. तवा चार दिस बसून खाईन तुज्याकडं."

"लोकं मना नावं ठेवतील. आईला वरखाली करायला लावते म्हनून."

"ठेवू देत. त्यांना सांग, माजी आई तिसऱ्या माळ्यावर असते."

नूतनला हसू आवरलं नाही, पण तिचा राग गेला नव्हता. पुढे आषाढात हौसाबाई रोह्याला गेल्या तेव्हाही तो थोडा शिल्लक होता म्हणे. त्या संध्याकाळी नूतन आपली एकटीची पिशवी घेऊन रिक्षात बसली. हौसाबाई स्टेशनपर्यंत गेल्या नाहीत. आमच्याकडून किल्ली घेऊन त्या पुन्हा वर चढल्या, कारण दव पडायच्या आत पेंढा झाकायचा होता.