गयेला न गेलेला माणूस

गया हे नाव कानावर पडलं की ते बेपत्ता प्रकरण आजही आठवतं. निवृत्ती जवळ आली होती, नेमणूक अमळनेर तालुक्यात होती. एके सकाळी एक तरुण आईला घेऊन ठाण्यात आला. बाजारात लिलाव पुकारणारे त्याचे वडील, नाना, आदल्या दिवसापासून घरी आले नव्हते. नानांचा आवाज बाजाराच्या फाटकाबाहेर ऐकू येई, अशी त्यांची ख्याती.

मिसिंगची नोंद घेताना मी पहिला प्रश्न विचारतो, घरात भांडण झालं होतं का? मुलानं मान खाली घातली. बहिणीच्या स्थळावरून तो वडिलांना उलट बोलला होता.

"तेव्हापासून नानांनी बोलणंच टाकलं, साहेब. आईशीसुद्धा."

नाना फोन घरीच ठेवून गेले होते. असा माणूस परतायच्या विचारानं गेलेला नसतो, असा आमचा अनुभव. मुलानं फोन उघडून दिला. नाना टाइप करत नसत, बोलून शोधत. शोधलेलं सगळं जसंच्या तसं होतं. 'गया इंदूर', 'गया मुंबई', 'गया सुरत', 'राहायची सोय'. ते वाचून मुलगा ढसाढसा रडू लागला. जिवंतपणीच स्वतःचं पिंडदान उरकायला काही जण गयेला जातात, हे त्यानं ऐकलं होतं. मलाही तेच वाटलं; बाकीची शहरं म्हणजे गयेला जायचा मार्ग असणार. मी गयेच्या पोलिसांना नानांचा फोटो पाठवला.

दुपारी खबर आली. स्टेशनवरच्या चहावाल्यानं नानांना गाडीत चढताना पाहिलं होतं, पण सुरतेच्या. गया पूर्वेला, सुरत पश्चिमेला. मी मुलाला पुन्हा समोर बसवलं आणि जरा कडक विचारपूस केली. सुरतेत कोण आहे? कुणी नाही. मग लपवतोस काय? तो नुसता हात जोडत राहिला. पोलिसाला संशयाची खोड असते, ती लवकर सुटत नाही.

तोवर आई एक शब्द बोलली नव्हती. त्यांना बोलतं करावं म्हणून मी विचारलं, "अक्का, जाताना नाना जेवून तरी गेले का?"

"कसाना जेवतस, भाऊ. गया बठेल शे त्यास्ना, लिलावमा नेहमीच बठस. नुसतं वरननं पानी पेतस."

माझं पेन थांबलं. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. डोळा तो डोया, आणि गळा तो गया. नानांचा गळा बसलाय, असं अक्का सांगत होत्या. मी धुळ्याचा, हीच बोली ऐकत वाढलो. पण अक्षरांत 'गया' दिसलं की शहरच डोळ्यांपुढे येतं. फोन फसला आणि त्याच्यामागे पोलीसही फसले. तो प्रवासाचा मार्ग नव्हताच. गळ्याच्या इलाजाला कुठलं शहर बरं, हे नाना चाचपत होते. बाजारातला माणूस, चार ठिकाणी चौकशी केल्याशिवाय हात घालणार नाही. आणि ते रुसलेही नव्हते. त्यांचा आवाजच गेला होता.

सुरतेच्या पोलिसांनी दवाखाने पालथे घातले. नाना एका मोठ्या रुग्णालयाच्या बाकावर सापडले. गळ्यातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता, त्याच्या रिपोर्टची वाट बघत होते. मी मायलेकांना घेऊन तिथे पोहोचलो. अक्का त्यांच्याशेजारी बसल्या.

"माले वाटनं, तुम्ही मनावर रुसेल शेतस."

नानांनी मान हलवली. मग गळ्यावर हात दाबून, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "तुले सांगाले भ्याव वाटे."

मी तिथून उठून व्हरांड्यात गेलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते वर्दीत बरं दिसत नाही.

रिपोर्ट वाईट आला, पण वेळेत आला. ऑपरेशन झालं, नाना वाचले. लिलावाचा आवाज मात्र परत आला नाही.

निवृत्तीपर्यंतच्या प्रकरणांत मी असे कित्येक फोन पाहिले. कुठल्या शहरात गुडघा चांगला बदलतात, डोळ्याला कुठं जावं, सोबतच्या माणसाला राहायला खोली मिळते का, हे लोक फोनला विचारतात आणि घरात "काही नाही, बरा आहे" म्हणतात. फोन ते ऐकतो आणि जाहिराती दाखवतो. घरात कुणी गप्प झालं की आपण विचारतो, राग आला का? दुखतंय का, हे त्या घरात कुणी विचारलं असतं, तर नाना सुरतेच्या गाडीत एकटे चढले नसते.