फॉर्म कोणी भरला

पोट्टी माझी कॉलेजची कबड्डीपटू, शेवटच्या वर्षाला. विद्यापीठाच्या टीममध्ये नाव लागलं अन् दुसऱ्याच आठवड्यात निलंबनाचं पत्र आलं. झालं! आमचं सौंसर मध्य प्रदेशात; तिथल्या बसस्टँडवरच्या टपरीला दुसरा विषयच उरला नाही. कोणी म्हणे, "वय लपवलं असन." कोणी म्हणे, "अपिलात सुटते हो, फक्त वर ओळख पाहिजे." काही माहीत नाही अन् बोलून राहिले! माझी कानशिलं तापायची. तरी मी चहा संपवून गुपचूप घरी यायचो, कारण खरं काय ते मला माहीत होतं.

दिवाळीत आम्ही तिच्या मामाकडे गेलो होतो, काटोलकडे. आमच्या निम्म्या सोयरिकी तिकडच्याच. महाराष्ट्र लागला हे आम्हाला मोबाइलवर मेसेज आला तरच कळतं. मामाच्या गावच्या टीमला एक खेळाडू कमी पडत होती अन् जिल्हा स्पर्धेच्या फॉर्मवर तिथलाच पत्ता लागत होता.

"बाबा, चालते का हो असं?" तिनं विचारलं.

"काहून नाही चालत? मामाचंच गाव होय ना!" असं म्हणून मीच पेन काढला अन् मामाचा पत्ता तिचा म्हणून लिहिला. मी, सरकारी शाळेतला मास्तर! एकाच वर्षी दोन राज्यांत नाव निघालं, अन् ते नियमात बसत नव्हतं.

अपिलाच्या सुनावणीला आम्ही दोघं छिंदवाड्याला गेलो. अधिकारी बाई भल्या होत्या. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. "बेटा, ये किसने भरा? किसी और ने भरा हो तो बता दो, तुम्हें छोड़ देंगे."

आता बोलतो, आता बोलतो, असं माझं चाललं होतं. पण खोटा पत्ता, खात्याची चौकशी, नोकरी, सगळं डोळ्यांपुढं आलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडं पाहत बसलो. लाज वाटते सांगायला.

"मैंनेच भरा," पोट्टी शेवटी म्हणाली.

बंदी कायम राहिली. म्हणजे कॉलेजचा खेळ संपलाच.

परतीच्या बसमध्ये रामाकोना गेल्यावर मीच म्हणालो, "मी सांगणारच होतो, बेटा."

"हो ना," ती म्हणाली. "म्हणूनच थांबली होती मी थोडा वेळ."