आधी पाणी

शेजारच्या कुसुमताईंचं बोट माउसवर अधांतरी थांबलं होतं, आणि खिडकीतलं ऊन त्यांच्या बांगडीवरून उडून भिंतीवर हलत होतं. त्यांच्या आईच्या ओव्यांची वही त्यांना पुस्तकासारखी जुळवायची होती. त्यासाठीचं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर आम्ही काही मित्रांनी बनवलेलं. ते कॉम्प्युटरवर चढवायच्या सूचना माझ्या. मोठ्या हौसेनं लिहिलेल्या.

“कुठल्या फोल्डरमध्ये ठेवू, विचारतोय. कुठले फॉन्ट हवेत, तेही. मला काय ठाऊक?” त्या म्हणाल्या. मग हसल्या. “अरे, दारात आलेल्याला आधी पाणी देतात. हा उंबऱ्यातच चौकशी करत बसलाय.”

मी भिंतीवरच्या त्या हलत्या उजेडाकडे बघत राहिलो. किती जण असे आमच्या दाराशी आले असतील, एखादी वही छातीशी धरून, आणि काही न बोलता माघारी वळले असतील. माघारी जाणाऱ्याच्या पावलांचा आवाज आतल्यांना येत नाही.

आठवडाभर मी ते प्रश्न एकेक करून काढून टाकत होतो. ठरवता येईल तेवढं सॉफ्टवेअरनंच ठरवायचं. शेवटी एकच बटण उरलं.

ताईंनी ते दाबलं. हिरवी पट्टी संथपणे भरत गेली आणि एक कोरं, शांत पान उघडलं. त्यांनी वर मधोमध ‘श्री’ लिहिलं, खाली आईच्या ओवीची पहिली ओळ.

मग वही मिटून म्हणाल्या, “हं, आता विचार म्हणावं त्याला, काय विचारायचं ते.”