उलटा पळालेला कोल्हा

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही. हलकं वाटावं म्हणून नाही. वाटत काहीच नाही, बरीच वर्षं झाली.

मी रायपुरात मुलांच्या कार्टून मालिका दिग्दर्शित करतो. आधी स्टोरीबोर्ड काढायचो. म्हणजे कार्टून हलायला लागण्याआधी त्यातला एकेक प्रसंग चौकटीत काढून ठेवायचा. दिग्दर्शक झालो तरी खोड गेली नाही. प्रत्येक भाग आधी मी पेन्सिलीने ओबडधोबड काढायचो आणि त्यावरून वर्षा नीट बोर्ड करायची. वर्षा — वडील रेल्वेत, मूळचे भंडाऱ्याकडचे. तीन रेघांत कोल्हा उभा करायची. मला हेवा वाटायचा का? वाटायचा.

एका भागात कोल्हा करडाच्या मागे धावतो, दोघेही डावीकडून उजवीकडे. मधल्या चौकटींत मी कोल्ह्याचं तोंड डावीकडे काढलं. अगदी नवशिक्याची चूक. पडद्यावर कोल्हा करडाला सोडून घरी निघाल्यासारखा दिसला. वर्षाने माझ्यावर विश्वास ठेवून जसंच्या तसं काढलं होतं, आणि मी न बघता सही केली होती. पूर्ण झालेला भाग चॅनेलने परत पाठवला. स्टुडिओच्या मालकांनी विचारलं, हे काम कुणाचं?

"बोर्ड वर्षाचा आहे," मी म्हणालो. यात खोटं काय होतं — नाही का?

दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. "भैया, तुमचा कच्चा कागद देता का? मले पाहाचं आहे, मी काहून चुकली."

"तो तर फेकला."

फेकला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत तिच्याच टेबलावरून उचलून मी तो माझ्या बॅगेत घातला होता. ती मागणार, हे मला ठाऊक होतं. महिनाअखेरीस तिला कामावरून काढलं. मालिका चालली, पुढची मिळाली, तीही चालली. कागद अजून कपाटात आहे. का ठेवलाय, तेही सांगता येत नाही.

गेल्या दिवाळीत रायपूरजवळच्या अभनपूरच्या बाजारात तिनेच मला हाक मारली. तिचं सासर तिथलं. आग्रहाने घरी नेलं, चहा टाकला. स्वतःहूनच म्हणाली, "बरं झालं भैया, लवकर समजलं. मले दिशाच समजत नव्हती. तुमचं किती नुकसान केलं मी."

तिने माझी माफी मागितली. मी ती ऐकून घेतली.

दारातली रांगोळी बघून, काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, छान काढलीस.

"काढली कुठं, छापा आहे तो. हातानं नाही काढत मी आता."

मी म्हणालो, चहा छान झालाय. आणि अजून अर्धा कप मागून घेतला.