काकांच्या गाडीचं बॉनेट मी उघडायला लावलं

मंडळी, आज मी नको तिथे अक्कल पाजळली.

इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला आमच्या शेजारी एक मराठी काका-काकू राहतात. काकांची सत्तर सालची, दणदणीत इंजिनाची अमेरिकन मसल कार आहे, शोरूममधून नवी कोरी घेतलेली. आज हट्टाने बॉनेट उघडायला लावलं, टॉर्च मारून इंजिनावर ठोकलेला नंबर वाचला, लॅपटॉपवर शोधला आणि ओरडलोच, "काका, हे ओरिजिनल नाहीये! कुठल्यातरी पिकअप ट्रकचं इंजिन आहे!"

चहा घेऊन आलेल्या काकू गॅरेजच्या दारातच थबकल्या.

"अहो, मामंजींच्या आजारपणात तुम्ही नागपूरला गेला होतात ना, तेव्हा मी ऑइल न बघता गाडी चालवली. इंजिन सीझ झालं. मेकॅनिककडून दुसरं बसवून घेतलं, पण तुम्हाला सांगायची हिंमतच झाली नाही." एवढं बोलून त्या रडायलाच लागल्या.

मी तिथून सटकलो. काका मागोमाग ड्राइव्हवेपर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "आवाजावरून मला तेव्हाच कळलं होतं रे. म्हणून तर तिच्यासमोर मी कधी बॉनेट उघडत नाही."

सांगा यार, आता काकूंसमोर कुठल्या तोंडाने जाऊ?